काचेपलीकडची कथा

प्रस्तावना

कथा लिहावयाची म्हटले की पहिली अडचण येते ती विषयाची. ज्याने पुष्कळ प्रवास केला, ज्याच्या आयुष्यात मोठ्या घडामोडी झाल्या, त्यालाच कथा सुचते, असा एक समज रूढ आहे. तो खरा नाही. कथेचे बीज बहुधा रोजच्या वाटेवरच पडलेले असते. ते दिसत नाही, कारण रोजची वाट आपण पाहत नाही, केवळ तुडवतो.

रात्री बंद होत असलेल्या दुकानाची दर्शनी काच, म्हणजे आपण जिला 'शोकेस' म्हणतो ती, हे असेच एक बीज आहे. या पाठात चेन्नईतील नुंगंबाक्कम या भागाच्या निमित्ताने आपण तीन गोष्टी पाहणार आहोत : रात्री अशा काचेचे छायाचित्र कसे घ्यावे, जगातील काही लेखक-कलावंतांनी दुकानाच्या काचेकडे कसे पाहिले, आणि छायाचित्रापासून कथेपर्यंत कसे जावे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही :

- रात्री दुकानाची काच पारदर्शक का भासते, याचे कारण सांगू शकाल;
- निरीक्षणाची नोंद पद्धतशीरपणे करू शकाल;
- एखाद्या छायाचित्रातून पात्र, प्रसंग व संघर्ष शोधू शकाल;
- दुसऱ्याच्या जीवनाकडे पाहताना पाळावयाच्या मर्यादा स्पष्ट करू शकाल.

१. रात्र पाहणाऱ्यांचे नुंगंबाक्कम

नुंगंबाक्कम हे मूळचे एक गाव. इ. स. १७०८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले आणि कालांतराने मद्रास शहरात मिसळून गेले. येथे १७९२ मध्ये एक वेधशाळा उभी राहिली. याच मद्रास वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन या खगोलशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये 'एशिया' नावाचा लघुग्रह शोधला. त्याचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये 'आर रेटिक्युली' हा रूपविकारी तारा, म्हणजे ज्याचे तेज कमीजास्त होत राहते असा तारा, शोधून काढला. १८९९ मध्ये खगोलविषयक काम कोडाइकनाल येथे गेले. हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र मात्र नुंगंबाक्कममध्येच आहे.

कथेच्या पाठात ताऱ्यांचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. पण रघुनाथाचारींच्या कामाची रीत पाहा. रूपविकारी तारा एका रात्रीत ओळखू येत नाही. त्याच ताऱ्याकडे पुन:पुन्हा पाहावे लागते, आजची नोंद मागच्या नोंदीशी ताडून पाहावी लागते. तेव्हा कुठे 'येथे काहीतरी बदलले आहे' हे ध्यानात येते. कथालेखकाचे निरीक्षण याहून वेगळे नसते. एकदाच पाहिलेली काच चित्र देते. पुन:पुन्हा पाहिलेली काच कथा देते, कारण कथा म्हणजे बदल.

आजचे नुंगंबाक्कम हा कार्यालये, महाविद्यालये व दुकाने यांनी गजबजलेला भाग आहे. नुंगंबाक्कम हाय रोडला आता उत्तमर गांधी सालै असे नाव आहे. जवळच्या खादर नवाज खान मार्गावर कपड्यांची दालने आणि उपाहारगृहे आहेत. बाजाराचे रूप येथे स्थिर नाही. १९८७ मध्ये अपेक्स प्लाझा या इमारतीत 'लँडमार्क' हे ग्रंथदालन सुरू झाले. चेन्नईतील वाचकांच्या एका पिढीचे ते आवडते ठिकाण होते. पुढे ते बंद झाले. दुकान जाते तेव्हा त्याची काचही जाते. कुणी छायाचित्र काढून ठेवले असेल, तर तेवढेच मागे राहते.

वर्षभर या काचांचे रंगही पालटत असतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तमिळ पंचांगातील आडी महिना असतो. हे नाव आपल्या आषाढाशी नाते सांगणारे आहे. या महिन्यात विवाह टाळण्याची रूढी असल्याने खरेदी मंदावते. म्हणून कापडाची दुकाने सवलतीचे मोठे फलक लावतात. नवरात्रात बाहुल्यांच्या पायऱ्यापायऱ्यांची 'गोलू' मांडली जाते. चैत्रगौरीपुढे आपण जी आरास करतो, तिचीच ही बहीण म्हणावी. पुढे दीपावलीच्या रेशमी साड्या आणि पोंगलचा उत्साह. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस येतो आणि ओल्या रस्त्यावर त्याच काचांचे उजेड उलटे होऊन पसरतात.

२. रात्री काच पारदर्शक का होते?

दुपारी दुकानासमोर उभे राहिल्यास काचेत आतील वस्तूंपेक्षा रस्ता, वाहने आणि आपला चेहराच अधिक दिसतो. रात्री तीच काच जणू नाहीशी होते. याचे कारण सोपे आहे. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परावर्तित होतो. दिवसा बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा कितीतरी पट अधिक असतो. त्याचा हा अल्प अंशही आतील वस्तूंकडून येणाऱ्या प्रकाशावर मात करतो आणि काच आरशासारखी वागते. रात्री हे प्रमाण उलटते. बाहेर अंधार, आत दिवे. त्यामुळे आतील प्रकाश बिनअडथळा बाहेर येतो.

यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. उजेडात असलेल्या माणसाला बाहेरचा अंधारातील माणूस दिसत नाही. रस्त्यावरून आपल्याला आतील सर्व काही दिसते; आतून पाहणाऱ्याला मात्र काचेत स्वत:चेच प्रतिबिंब दिसते. ही असमानता लक्षात ठेवा. पाठाच्या अखेरीस ती पुन्हा विचारात घ्यावी लागणार आहे.

३. छायाचित्र कसे घ्यावे?

यासाठी भारी कॅमेरा लागत नाही. भ्रमणध्वनीचा कॅमेरा पुरेसा आहे. मात्र पुढील पथ्ये पाळावीत.

(अ) फ्लॅश वापरू नये. त्याचा प्रकाश काचेवर आदळून परत येतो आणि छायाचित्रात केवळ पांढरा डाग उमटतो.

(आ) रस्त्यावरील दिव्यांची प्रतिबिंबे नको असतील, तर कॅमेऱ्याचे भिंग काचेच्या शक्य तितके जवळ न्यावे व भोवती काळे कापड किंवा हाताचा आडोसा धरावा.

(इ) कमी उजेडात कॅमेऱ्याची झडप अधिक वेळ उघडी राहते. तेवढ्या वेळात हात हलला तर चित्र अस्पष्ट होते. खांबाला किंवा भिंतीला टेकून उभे राहावे आणि श्वास क्षणभर रोखावा.

(ई) काच फार उजळ व रस्ता फार काळोखा असतो. काचेतील तपशील हवा असेल तर कॅमेऱ्याचे मोजमाप काचेतील उजळ भागावर घ्यावे. रस्ता काळा पडला तरी चालेल.

(उ) प्रतिबिंब नेहमीच दोष नसतो. साडी नेसवलेल्या पुतळ्याच्या पदरावर समोरच्या चहाच्या टपरीचे प्रतिबिंब पडले असेल, तर एकाच चौकटीत दोन जगे आली. कथेला असे चित्र अधिक उपयोगी ठरते.

प्रत्येक छायाचित्रासोबत वहीत चार गोष्टी लिहाव्यात : तारीख, वेळ, ठिकाण, आणि मागच्या वेळेपेक्षा काय वेगळे दिसले. ही चौथी नोंद सर्वांत महत्त्वाची.

पाठगत प्रश्न १

रिकाम्या जागा भरा.

१. नुंगंबाक्कम येथे वेधशाळा ______ मध्ये उभी राहिली.
२. तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्याला ______ तारा म्हणतात.
३. काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ______ टक्के प्रकाश परावर्तित होतो.

४. काच आणि कलावंत

दुकानाच्या काचेने अनेकांना लिहिते केले आहे. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला याची पॅरिसमधील एका भव्य वस्त्रभांडारावरची कादंबरी १८८३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीच गावाकडून आलेली एक तरुणी आपल्या भावांसह त्या भांडाराच्या काचांसमोर थबकते. ही कादंबरी लिहिण्यापूर्वी झोलाने पॅरिसमधील मोठ्या दुकानांत हिंडून टिपणे घेतली होती. कॅमेऱ्याचे काम त्याने वहीकडून करून घेतले.

त्याच शहरात युजीन अॅजे (१८५७–१९२७) हा छायाचित्रकार अवजड लाकडी कॅमेरा व काचेच्या तबकड्या घेऊन फिरत असे. आपल्या कामाला तो 'कलावंतांसाठी दस्तऐवज' म्हणे. चित्रकारांनी व कारागिरांनी त्यावरून आपापले काम करावे, एवढीच त्याची अपेक्षा होती. १९२५ च्या सुमारास त्याने टिपलेल्या कापडदुकानांच्या काचांत कोट घातलेले पुतळे आणि समोरच्या रस्त्यावरील झाडे व इमारती एकमेकांत मिसळलेल्या दिसतात. ही छायाचित्रे त्याने दिवसा घेतली होती, म्हणूनच प्रतिबिंबे इतकी ठळक आली. १९२६ मध्ये त्याची काही छायाचित्रे पॅरिसमधील अतिवास्तववादी लेखकांच्या नियतकालिकात छापली गेली. तेव्हाही आपले नाव त्यांखाली येऊ नये, हे केवळ दस्तऐवज आहेत, अशीच त्याची भूमिका होती.

अमेरिकन लेखक एल. फ्रँक बॉम याचे उदाहरण याहून कुतूहलजनक आहे. १८९७ मध्ये त्याने दुकानांच्या काचा सजवणाऱ्यांसाठी एक मासिक सुरू केले. १९०० मध्ये या सजावटीच्या कलेवर त्याचे पुस्तक आले आणि त्याच वर्षी 'ओझचा अद्भुत जादूगार' ही त्याची जगप्रसिद्ध बालकथाही आली. वस्तू कशा मांडल्या म्हणजे जाणारा-येणारा थांबतो, याचा विचार करणारा माणूस कथाही लिहीत होता, हा केवळ योगायोग नसावा. दोन्ही कामांत थोड्या जागेत पाहणाऱ्याचे मन खिळवावे लागते.

आपल्याकडचे उदाहरण प्रेमचंदांच्या 'ईदगाह' (१९३३) या कथेचे. जत्रेत खेळणी आणि मिठाईची दुकाने मांडलेली आहेत आणि हमीदजवळ आहेत फक्त तीन पैसे. इतर मुले खेळणी घेतात. हमीद आजीसाठी चिमटा घेतो. मांडलेली वस्तू आणि रिकामा खिसा यांच्यामधील अंतरातच ही कथा जन्मली आहे. दुकानाच्या काचेची जाडी काही मिलिमीटर असते. हे अंतर मात्र मोठे असते.

५. काचेच्या आतील माणूस

आतापर्यंत आपण काचेबाहेर उभे राहून पाहिले. पण काचेला दुसरी बाजूही असते. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स लहान वयात कापडदुकानात उमेदवारी करत होता. दिवसभर उभे राहून काम करावे आणि रात्री दुकानाच्याच वसतिघरात झोपावे, असा तो क्रम होता. त्याला हे जीवन अत्यंत नकोसे वाटे. पुढे १९०५ मध्ये त्याने 'किप्स' ही कादंबरी लिहिली. तिचा नायक कापडदुकानातील उमेदवारच आहे. वेल्सला हा विषय शोधावा लागला नाही. तो त्यात राहिला होता.

नुंगंबाक्कमला लागूनच त्यागराय नगर, म्हणजेच टी. नगर आहे. तेथील रंगनाथन रस्त्यावरील एका मोठ्या वस्त्रदालनात काम करणाऱ्या तरुण-तरुणींची कथा वसंतबालन दिग्दर्शित 'अंगाडी तेरू' या तमिळ चित्रपटात आहे. २०१० मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचे संवाद प्रसिद्ध लेखक जेयमोहन यांनी लिहिले. झगमगत्या दालनामागची कोंदट वसतिस्थाने, तासन् तास उभे राहणे, अपमान आणि त्यातही उमलणारे प्रेम त्यात दिसते. वेल्सच्या कादंबरीनंतर शंभर वर्षांनी, दुसऱ्या खंडात, कथेचा कणा तोच राहिला.

उभे राहण्याचा हा प्रश्न केवळ कथेपुरता नाही. १९४७ च्या तमिळनाडू दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती करण्यात आली आणि दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे मालकांवर बंधनकारक झाले. केरळने असा कायदा २०१८ मध्येच केला होता. ग्राहक नसतानाही बसता येत नाही, ही गोष्ट हजारो स्त्री-पुरुष वर्षानुवर्षे सहन करत होते. रस्त्यावरून जाणाऱ्याला काचेतून ते रोज दिसत होते. तरी ते कुणाच्या ध्यानात आले नव्हते. 'दिसणे' आणि 'पाहणे' यांत फरक आहे, तो हाच.

तुमच्यापैकी काही जण दुकानात, गोदामात किंवा शिवणकामाच्या ठिकाणी नोकरी करून हा अभ्यास करत असतील. 'आपल्या कामात लिहिण्यासारखे काय आहे?' असे त्यांनी म्हणू नये. बाहेरच्या लेखकाला जे अंदाजाने लिहावे लागते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

पाठगत प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.

१. युजीन अॅजे आपल्या छायाचित्रांना काय म्हणत असे?
२. वेल्सला 'किप्स'चा विषय कोठे मिळाला?
३. तमिळनाडूतील २०२१ च्या दुरुस्तीने दुकान-कर्मचाऱ्यांना काय मिळाले?

६. छायाचित्रातून कथा

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नुंगंबाक्कममधील एका साडीच्या दुकानाची तीन छायाचित्रे तुमच्याजवळ आहेत, असे समजा.

पहिल्या चित्रात काचेत तीन पुतळे आहेत. तिघांना लग्नाच्या रेशमी साड्या. दुसऱ्या चित्रात, काही दिवसांनी, पुतळे उघडे असून त्यांच्याभोवती वर्तमानपत्रे गुंडाळली आहेत. आडीच्या सवलतीचा फलक भिंतीशी टेकवलेला आहे. शटर अर्धे खाली आहे. तिसऱ्या चित्रात पुतळ्यांना साध्या सुती साड्या आहेत आणि फलक जागेवर आहे.

घाईने पाहणारा म्हणेल, दुकानात सवलत सुरू झाली. पण दुसरे चित्र पुन्हा पाहा. कोपऱ्यात नीट जोडून ठेवलेल्या चपला आहेत. काच सजवणारी व्यक्ती कापड मळू नये म्हणून चपला काढूनच आत चढते. चपला आहेत, म्हणजे ती व्यक्तीही आत आहे. रात्र झाली आहे. तिला घरी कधी जाता येईल?

येथे कथा सुरू झाली. पात्र मिळाले, वेळ मिळाली, इच्छा मिळाली : तिला घरी जायचे आहे. आता अडथळा हवा. नुंगंबाक्कमचे रेल्वेस्थानक चेन्नई बीच ते तांबरम या उपनगरी मार्गावर आहे. तिची गाडी चुकण्याची वेळ येऊ द्या. कथेचा प्रारंभ असा होऊ शकेल :

'मालकांनी शटर अर्धे खाली ओढले. तिने चपला कोपऱ्यात जोडून ठेवल्या आणि ती पुतळ्यांमध्ये चढली. तीन पुतळे उतरवायचे, तीन नेसवायचे. टाचण्यांची डबी तिने कमरेला खोचली.

"फलक सरळ लाव हं अम्मा. मागच्या आडीला वाकडा होता," गल्ल्यावरून मालक म्हणाले.

"अण्णा, उरलेले सकाळी लवकर येऊन करू का? गाडी जाईल माझी."

मालक नोटा मोजत होते. त्यांनी मान वर केली नाही. बाहेर कुणीतरी काचेजवळ येऊन उभे राहिले होते, एवढे तिला जाणवले. पण काचेत तिला दिसली ती स्वत:च, दोन पुतळ्यांच्या मधोमध उभी. तिने दाताने टाचणी धरली आणि निऱ्या घालायला सुरुवात केली.'

या उताऱ्यात काय केले आहे, ते ध्यानात घ्या. मालक दुष्ट असल्याचे कोठेही सांगितलेले नाही. तो नोटा मोजतो, एवढेच दाखवले आहे. तिला वाईट वाटले, असेही म्हटलेले नाही. चपला, टाचण्या, नोटा या वस्तूच बोलतात. आणि दुसऱ्या विभागात पाहिलेला काचेचा गुणधर्म येथे पात्राचा अनुभव झाला आहे : बाहेरचा तिला पाहतो, तिला मात्र केवळ आपले प्रतिबिंब दिसते.

नवशिका लेखक अशा वेळी पुतळा जिवंत होतो, बोलू लागतो, अशी कल्पना करतो. ती वाईट नाही, पण ती चटकन सुचते, म्हणून अनेकांना सुचते. पहिली कल्पना बाजूला ठेवून छायाचित्राकडे पुन्हा पाहावे. चपला दुसऱ्यांदा पाहिल्यावरच दिसतात.

७. पाहण्याच्या मर्यादा

अंधारात उभे राहून उजेडातील माणसाला पाहणे सोपे असते; तो आपल्याला पाहू शकत नाही. म्हणूनच पाहणाऱ्याची जबाबदारी वाढते. दुकानात माणसे असतील तर आत जाऊन परवानगी मागावी. पायरीवर झोपलेल्या माणसाचे छायाचित्र घेऊ नये. रखवालदाराने हटकल्यास वाद न घालता आपला हेतू सांगावा. त्याच्याशी चार शब्द बोलल्यास कॅमेऱ्यापेक्षा अधिक हाती लागण्याचा संभव असतो. सराफाची पेढी व बँक यांची छायाचित्रे टाळावीत. रात्री एकट्याने फिरण्यापेक्षा सोबत घ्यावी.

कथेतही हीच मर्यादा लागू होते. पात्राची केवळ कीव करणारी कथा त्याला पुन्हा पुतळाच करते. त्या स्त्रीला तिचे कौशल्य द्या, तिचा हट्ट द्या, तिची विनोदबुद्धी द्या. गाडी चुकल्यावर ती काय करते, हे तिला ठरवू द्या.

आपण काय शिकलात

- कथेचे बीज रोजच्या दृश्यांत असते. ते पुन:पुन्हा पाहिल्याने व नोंद ठेवल्याने सापडते.
- आतील व बाहेरील उजेडाच्या प्रमाणावर काचेचे आरसा होणे किंवा पारदर्शक होणे अवलंबून असते.
- झोला, अॅजे, बॉम यांनी काचेच्या बाहेरून आणि वेल्सने आतून आपल्या कलेचे साहित्य मिळवले.
- छायाचित्रातील लहान तपशील पात्र, इच्छा व अडथळा पुरवतो.
- ज्याच्याकडे आपण पाहतो, त्याचा मान राखणे हा लेखनाचाच भाग आहे.

पाठान्त प्रश्न

१. रूपविकारी ताऱ्याचे निरीक्षण आणि कथालेखकाचे निरीक्षण यांतील साम्य स्पष्ट करा.
२. 'दिसणे आणि पाहणे यांत फरक आहे' हे विधान पाठातील उदाहरणाच्या आधारे पटवून द्या.
३. पाठातील कथाप्रारंभ पुढे नेऊन सुमारे २०० शब्दांत कथा पूर्ण करा. त्या स्त्रीला योग्य नाव द्या.
४. तोच प्रसंग मालकाच्या दृष्टीने १०० शब्दांत लिहा.

उपक्रम

तुमच्या गावातील किंवा शहरातील एक दुकान निवडा. पंधरा दिवसांत तीन वेळा, रात्री एकाच सुमारास, त्याची काच पाहा. छायाचित्र घेणे शक्य नसेल तर शब्दांत नोंद करा. तीन नोंदींत काय बदलले ते लिहून काढा आणि त्या बदलामागे कोणाचा हात असावा, याचा विचार करून कथेचा पहिला परिच्छेद लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १. १७९२, २. रूपविकारी; ३. ८.

प्रश्न २ : १. तो त्यांना 'कलावंतांसाठी दस्तऐवज' म्हणत असे. २. लहान वयात कापडदुकानात केलेल्या उमेदवारीत त्याला हा विषय मिळाला. ३. कामाच्या ठिकाणी बसण्याची सोय मिळण्याचा हक्क त्यांना मिळाला.